लाईट गेली की मॉनिटरचा क्रम उलटतो : लिनक्सवर दोन स्क्रीन जागच्या जागी बसवताना

अंबाजोगाईत माझं ऑनलाइन फॉर्म आणि डीटीपीचं दुकान आहे. टेबलावर दोन मॉनिटर आहेत. एक माझ्यासमोर, १९२०×१०८० चा. दुसरा जुना, १३६६×७६८ चा, माझ्या उजव्या हाताला काउंटरवर गिऱ्हाइकाकडं तोंड करून ठेवलेला. गिऱ्हाइकानं आपलं नाव, गट नंबर, बँकेचा खाते नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचून ‘बरोबर हाय’ म्हटल्याशिवाय मी सबमिट दाबत नाही. पीक विम्याच्या फॉर्ममध्ये खाते नंबरचा एक आकडा इकडचा तिकडं झाला तर पैसे अडकतात, आणि हेलपाटे त्या माणसालाच घालावे लागतात. म्हणून ती दुसरी स्क्रीन माझ्यासाठी फार महत्त्वाची आहे.

मशीनवर लिनक्स मिंट आहे, सिनॅमन डेस्कटॉपचं. (डेस्कटॉप म्हणजे पॅनल, मेनू, विंडो आणि स्क्रीनची मांडणी सांभाळणारा प्रोग्राम.) (अंगठ्याच्या मशीनचं काम शेजारच्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर चालतं, त्याचा इथं संबंध नाही.) माझा मॉनिटर डिस्प्लेपोर्ट या नव्या पोर्टवर, गिऱ्हाइकाचा व्हीजीए या जुन्या पोर्टवर.

त्रास असा होता. लाईट जायची, दोन-चार मिनिटांत यायची, आणि आल्यावर दोन्ही स्क्रीनचा क्रम उलटलेला असायचा. उजवीकडच्या मॉनिटरवर जायला माउस डावीकडं रेटावा लागायचा. मी डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन चौकोन ओढून परत लावायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोन महिने असे गेले. मग एका दुपारी एक मावशी लेकीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी समोर बसल्या होत्या. लाईट गेली आणि त्यांच्यासमोरच्या स्क्रीनवर, त्यांच्या आधी येऊन गेलेल्या माणसाचं बँकेचं पासबुक उघडं झालं. मावशी म्हणाल्या, “सर, हे कुणाचं पासबुक दिसायलंय इथं?” मी हातानं स्क्रीन झाकली आणि मॉनिटरचं बटण दाबलं. लोक विश्वासानं कागद देतात. एकाचा कागद दुसऱ्याला दिसणं मला चालण्यासारखं नव्हतं. त्या रात्री दुकान बंद करून मी मुळाशी जायचं ठरवलं. जे सापडलं ते खाली लिहितोय, कारण हाच त्रास असलेले मला आणखी बरेच जण माहीत आहेत.

आधी नेमकं काय बिघडलंय ते ठरवा

‘स्क्रीन उलटी झाली’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे क्रम: माउस कुठल्या कडेतून कुठं निघतो. दुसरी, प्रायमरी कोण: पॅनल, मेनू आणि बहुतेक नव्या विंडो कुठं उघडतात. तिसरी म्हणजे मिरर: दोन्हीवर एकच चित्र. प्रायमरी बदललं म्हणून क्रम बदलत नाही, आणि क्रम बदलला म्हणून प्रायमरी हलत नाही. क्रमाचा त्रास असताना प्रायमरीची खूण बदलत बसलं तर संध्याकाळ जाते.

क्रम म्हणजे काय, हे वावराच्या हिशोबानं चटकन समजतं. लिनक्स सगळ्या मॉनिटरांचं मिळून एकच मोठं वावर धरतं आणि प्रत्येक मॉनिटर हा त्यातला एक तुकडा. प्रत्येक तुकड्याचा वरचा डावा कोपरा कुठं आहे, एवढंच ते लिहून ठेवतं. माझ्या मॉनिटरचा कोपरा शून्य-शून्य वर आहे आणि त्याची रुंदी १९२०, म्हणून गिऱ्हाइकाच्या मॉनिटरचा कोपरा आडवा १९२० वर सुरू व्हायला पाहिजे. दोन तुकड्यांचा बांध जिथं एक आहे तिथूनच माउस पलीकडं जातो. माझी उंची १०८०, त्याची ७६८. फरक ३१२ चा. वरच्या कडा जुळवल्या तर खालच्या ३१२ पिक्सेलच्या पट्ट्यात पलीकडं काहीच नाही, आणि माउस तिथं भिंतीला लागल्यासारखा अडतो. ‘माउस पलीकडं जाईना गेलाय’ म्हणून येणारी निम्मी तक्रार हीच असते. तिथं बिघाड काही नसतो. चौकोन थोडा खाली ओढला की बांध टेबलावर मॉनिटर जसे मांडलेत तसा जुळतो.

आत्ता मशीन काय धरून बसलंय ते बघायचं असेल तर टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडून एक्सरॅन्डआर (xrandr) एवढंच लिहा आणि एंटर दाबा. प्रत्येक पोर्टची ओळ येते. माझ्याकडं ठीक असताना ‘डीपी-१ कनेक्टेड प्रायमरी १९२०×१०८०+०+०’ आणि ‘व्हीजीए-१ कनेक्टेड १३६६×७६८+१९२०+०’ असं दिसतं. अधिकच्या खुणेनंतरचे दोन आकडे म्हणजे तो कोपरा. उलटल्यावर व्हीजीएच्या ओळीत +०+० आलेलं असायचं आणि माझा मॉनिटर त्याच्या पुढं सरकलेला.

सेव्ह केलेलं विसरलं कसं जातं

मला सगळ्यात जास्त हेच छळत होतं. मी क्रम लावून ‘अप्लाय’ करतो, ‘ठेवा’ म्हणून पक्कं करतो, मग तो जातो कुठं?

तो जात नाही. सिनॅमन तो होम फोल्डरमधल्या डॉट-कॉन्फिग या लपलेल्या फोल्डरात ‘सिनॅमन-मॉनिटर्स डॉट एक्सएमएल’ या फाइलीत ठेवतं. सिनॅमनऐवजी नोम हा डेस्कटॉप असेल तर त्याच जागी फाइलीचं नाव नुसतं ‘मॉनिटर्स डॉट एक्सएमएल’. एक्सएफसीईची फाइल ‘डिस्प्लेज डॉट एक्सएमएल’, आणि केडीईची व्यवस्था आणखी वेगळी. (लपलेले फोल्डर दिसायला फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबा.)

मी ती फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली आणि तिथंच अर्धं उत्तर मिळालं. आत एकच मांडणी नव्हती, आठ होत्या. प्रत्येक मांडणीत मॉनिटरची ओळख चार गोष्टींनी लिहिलेली असते: कुठलं पोर्ट, कुठली कंपनी, कुठलं मॉडेल, आणि सिरियल नंबर. या चारही गोष्टी दोन्ही मॉनिटरांच्या बाबतीत तंतोतंत जुळल्या तरच ती मांडणी लागू होते. एक जरी वेगळी निघाली तरी डेस्कटॉपला वाटतं की ही मॉनिटरांची नवीच जोडी आली, आणि तो आपल्या मनानं मांडतो. माझ्या आठांपैकी तीन मांडण्यांमध्ये गिऱ्हाइकाच्या मॉनिटरची कंपनी, मॉडेल आणि सिरियल, तिन्ही ठिकाणी ‘अननोन’ लिहिलं होतं.

म्हणजे तोच मॉनिटर, तीच जागा, पण कधी त्याला आपलं नाव सांगता येत होतं आणि कधी नाही.

मॉनिटर आपलं नाव ज्या छोट्या माहितीतून सांगतो तिला ईडीआयडी म्हणतात. मूळ माहिती फक्त १२८ बाइटची. कंपनीची तीन अक्षरं, मॉडेलचा क्रमांक, सिरियल, बनल्याचं वर्ष, आणि कुठली रिझोल्यूशन चालतात ते. ही माहिती चित्राच्या तारांतून येत नाही, तिच्या तारा वेगळ्या असतात. त्यांतली एक जरी ढिली झाली तरी चित्र व्यवस्थित दिसत राहतं आणि नाव मात्र पोहोचत नाही. याच कारणानं केबलवर कुणाचा संशय जात नाही.

केबलची पंधरा टोकं

व्हीजीएच्या टोकाला पंधरा पिनांची जागा असते, पाच-पाचच्या तीन ओळी. ईडीआयडीसाठी त्यातल्या बारा आणि पंधरा या दोन पिना. म्हणजे शेवटच्या ओळीतली दुसरी आणि शेवटची. मी मॉनिटरच्या बाजूची केबल काढून मोबाइलच्या उजेडात बघितली. बारावी पिन एका अंगाला कललेली होती, मोडलेली नव्हती. केबल घट्ट बसली की ती टेकायची, जरा हिसका बसला की सुटायची.

हिसका बसत होता हे नक्की. आमच्याकडं येणारे मामा-काका वाचायला नीट दिसावं म्हणून मॉनिटर दोन्ही हातांनी धरून स्वतःकडं वळवतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही, तो त्यांच्यासाठीच ठेवलाय. पण केबलचे दोन्ही बाजूचे स्क्रू कधी आवळलेले नव्हते आणि केबल ताणलेली होती.

तुमच्याकडं असंच आहे का, हे तपासायची सोपी रीत सांगतो. मॉनिटर चालू ठेवून केबलचं टोक हलकं हलवा आणि दर वेळी एक्सरॅन्डआर चालवा. व्हीजीएच्या ओळीखाली रिझोल्यूशनची यादी येते. ईडीआयडी पोहोचत असेल तर मॉनिटरचं खरं रिझोल्यूशन यादीच्या वर असतं. नसेल तर यादी आखडते आणि १०२४×७६८, ८००×६००, ६४०×४८० अशी मोजकीच नावं उरतात. माझ्या केबलला बोट लावलं की यादी बदलत होती. आणखी खात्री करायची तर सिस-क्लास-डीआरएम (/sys/class/drm) या फोल्डरात प्रत्येक पोर्टचा एक फोल्डर असतो आणि त्यात ईडीआयडी नावाची फाइल. डब्ल्यूसी या कमांडला ‘उणे सी’ लावून (wc -c) तिच्यातले बाइट मोजा. १२८ किंवा २५६ आले तर नाव पोहोचतंय. शून्य आलं तर नाही. फाइल मॅनेजरमध्ये दिसणाऱ्या आकारावर जाऊ नका, तो तिथं शून्यच दिसतो.

केबल बदलताना नवव्या पिनेकडं लक्ष द्या. बऱ्याच स्वस्त केबलींमध्ये ती मुळातच नसते आणि चित्राला तिची गरजही पडत नाही. पण तिच्यातून कॉम्प्युटरकडून पाच व्होल्ट जातात, आणि बहुतेक मॉनिटर स्वतः बंद असतानाही त्या पाच व्होल्टांवर आपली ईडीआयडी सांगू शकतात. लाईट जाणाऱ्या गावात हे फार उपयोगाचं आहे. कसं ते पुढं येतं. मी नवी केबल घेतली तेव्हा दुकानातच टोपण काढून पिना मोजल्या. दुकानदार बघत राहिला, पण पंधराच्या पंधरा होत्या.

एचडीएमआयमधून व्हीजीए काढणारे छोटे कन्व्हर्टर लावले असतील तर त्यांच्यावरही संशय घ्या. काही स्वस्त कन्व्हर्टर मॉनिटरचं नाव पुढं पाठवतच नाहीत. एका कन्व्हर्टरचा हट्ट धरण्यापेक्षा मशीनला सरळ व्हीजीए पोर्ट असेल तर ते वापरा.

कुठला मॉनिटर यूपीएसवर

केबल बदलल्यावर क्रम उलटायचा थांबला. पण लाईट गेली की माझ्या विंडो गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर जायच्या, ते तसंच राहिलं. आणि मला खरा घोर त्याचाच होता.

टेबलाखाली वाकून वायरी बघितल्या तेव्हा कळलं. यूपीएसच्या पट्टीत कॉम्प्युटर, राउटर आणि गिऱ्हाइकाचा मॉनिटर. माझा मॉनिटर नंतर घेतलेला, म्हणून तो भिंतीच्या साध्या बोर्डात. लाईट गेली की माझा मॉनिटर मरायचा, कॉम्प्युटर चालूच. डिस्प्लेपोर्टवरचा मॉनिटर बंद पडला की बहुतेक वेळा कॉम्प्युटरला तो केबल काढल्यासारखाच वाटतो. मग डेस्कटॉप काय करणार? जी एक स्क्रीन उरलीय तिच्यावर सगळ्या उघड्या विंडो नेऊन ठेवतो. ती स्क्रीन गिऱ्हाइकासमोरची.

उपाय उलटा प्लग घालण्याचा होता. माझा मॉनिटर यूपीएसवर आणि गिऱ्हाइकाचा साध्या बोर्डात. आता लाईट गेली की गिऱ्हाइकाची स्क्रीन काळी पडते आणि माझी चालू राहते. त्याच्या मॉनिटरला लाईट नसली तरी नव्या केबलच्या नवव्या पिनेमुळं कॉम्प्युटरला तो जोडलेलाच दिसतो, म्हणून मांडणी हलत नाही आणि त्याच्या बाजूची फॉर्मची विंडोही जागची हलत नाही. लाईट आली की तो उजळतो आणि फॉर्म जिथं होता तिथंच असतो.

लोकांची कागदपत्रं दाखवणाऱ्या प्रत्येकानं ही एक गोष्ट तरी आजच करावी असं मला मनापासून वाटतं. सेटिंगमधलं काही कळत नसलं तरी प्लग बदलता येतो. असा मॉनिटर वीस-पंचवीस वॅट खातो, साध्या यूपीएसला तो जड जात नाही. लेझर प्रिंटर मात्र त्या पट्टीत कधीच लावू नका.

लाईट न जाताही विंडो पळत असतील, म्हणजे चहा पिऊन आल्यावर स्क्रीन जागी केली आणि सगळं एका बाजूला गोळा झालेलं दिसलं, तर मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांच्या मेनूत बघा. डिस्प्लेपोर्टच्या बऱ्याच मॉनिटरांत ‘डीप स्लीप’ किंवा ‘ऑटो सोर्स’ अशी सेटिंग असते. गाढ झोपलेला मॉनिटर कॉम्प्युटरला गायब झाल्यासारखा दिसतो. डीप स्लीप बंद करा, आणि सोर्स ऑटोवर न ठेवता डिस्प्लेपोर्टवर नेमून ठेवा.

मग क्रम लावा, एकदाच

केबल आणि प्लग नीट झाल्यावरच हे करा, आधी नाही. जुनी मांडण्यांची फाइल काढून टाकू नका, तिचं नाव बदला, म्हणजे काही चुकलं तर परत आणता येईल. मग लॉगआउट करून परत या. डिस्प्ले सेटिंग उघडा, चौकोन टेबलावरच्या जागेप्रमाणं ओढा, तुमच्यासमोरच्याला प्रायमरी करा, अप्लाय करा. विचारेल तेव्हा थोड्या सेकंदांत होकार द्या, नाहीतर ते स्वतःहून मागचं परत आणतं. फाइल पुन्हा उघडून बघा. एकच मांडणी असावी आणि त्यात ‘अननोन’ कुठंही नसावं.

एवढं करूनही डेस्कटॉप ऐकत नसेल आणि सेशन एक्स-११ चं असेल (एक्स-११ म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारी जुनी व्यवस्था, वेलँड ही नवी), तर ए-रॅन्डआर (arandr) नावाचं छोटं ॲप टाका. त्यात चौकोन मांडून सेव्ह केलं की ते मांडणीची स्क्रिप्ट तयार करून देतं. ती स्टार्टअप ॲप्लिकेशन्समध्ये घाला आणि पाच सेकंदांचा उशीर द्या, म्हणजे डेस्कटॉपचं आपलं मांडून झाल्यावर ती चालेल. लॅपटॉप घर-दुकान असा फिरत असेल तर ऑटोरॅन्डआर (autorandr) जास्त बरं. ते मॉनिटरांच्या ईडीआयडीवरून जागा ओळखतं आणि त्या जागेची मांडणी लावतं. पण दोन्ही एकदम लावू नका. एकानं मांडायचं आणि दुसऱ्यानं मोडायचं असं चालू होतं, आणि मग चूक कुणाची ते शोधता येत नाही.

वेलँडच्या सेशनमध्ये एक्सरॅन्डआरनं क्रम बदलता येत नाही. ते यादी दाखवतं, म्हणून चालतंय असं वाटतं. नोम किंवा केडीई नवं असेल तर सेटिंगमधल्या सिस्टीमच्या माहितीत एक्स-११ की वेलँड ते लिहिलेलं असतं. वेलँड असेल तर त्या डेस्कटॉपच्या स्वतःच्या डिस्प्ले सेटिंगमधूनच क्रम लावा. इंटरनेटवरून उतरवलेल्या जुन्या स्क्रिप्टांमध्ये पोर्टचं नावही फसवतं. एका ड्रायव्हरवर ‘एचडीएमआय-१’, दुसऱ्यावर आडव्या रेघेशिवाय ‘एचडीएमआय१’, तर वेलँडवर काही डेस्कटॉपमध्ये ‘एचडीएमआय-ए-१’. स्क्रिप्टमध्ये तुमच्या मशीननं सांगितलेलं नावच पाहिजे.

लॉगिनची स्क्रीन गिऱ्हाइकाच्या बाजूला येत असेल तर घाबरू नका, ती तुमची मांडणी वाचत नाही. मिंटमध्ये लॉगिनचं काम लाइटडीएम करतं. त्याच्या सेटिंगच्या फाइलीत ‘डिस्प्ले-सेटअप-स्क्रिप्ट’ अशी ओळ असते, तिथं वरच्याच स्क्रिप्टचा पत्ता द्या.

लातूरला एका अभ्यासिकेत माझ्या मित्रानं एकाच वेळी एकाच मॉडेलचे मॉनिटर घेतले, प्रत्येक मशीनला दोन. त्याचा त्रास वेगळा होता. काही स्वस्त मॉडेलमध्ये सिरियल नंबरच भरलेला नसतो, सगळ्यांत तोच. मग जुळ्या लेकरांसारखं होतं, डेस्कटॉपला फक्त पोर्टवरून ओळखता येतं. झाडून घेताना कुणी केबली अदलाबदल करून लावल्या की क्रम उलटलाच. त्यानं सॉफ्टवेअरला हातच लावला नाही. डाव्या मॉनिटरच्या केबलला आणि त्याच्या पोर्टला लाल टेप, उजव्याला निळी. तेवढ्यानं भागलं.

माझ्याकडं सगळं झाल्यावर मी दुकानाचा मेन स्विच पाडून बघितला, एका संध्याकाळी दहा वेळा. दर वेळी गिऱ्हाइकाची स्क्रीन काळी आणि माझी चालू. मेन चढवला की एक्सरॅन्डआरमध्ये +१९२०+० जसंच्या तसं. तुम्ही ही चाचणी कराल तेव्हा समोरच्या स्क्रीनवर कुणाचा कागद ठेवू नका, एखादा कोरा फॉर्म उघडा. आणि मधेच कधी १०२४×७६८ दिसलं तर सेटिंगकडं वळू नका, परत केबलपासून सुरू करा.